शेतवाटेच्या पिकअप गाडीस टायरचें माप कसें निवडावें

चारही चाकांस इंजिनाची शक्ति मिळणारी पिकअप गाडी घेतली, कीं पुष्कळ शेतकरी बंधु तिला मोठीं चाकें बसविण्याचा विचार करतात. चाक जितकें मोठें तितकी गाडी आडवाटेस चांगली, ही समजूत अर्धीच खरी आहे. खर्च करण्यापूर्वीं पुढील हिशेब अवश्य पाहावा.

माप वाचणें.— टायरच्या बाजूवर ‘२३५/७५ आर १५’ असे आंकडे असतात. पहिला आंकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्यें. दुसरा, बाजूची उंची रुंदीच्या शेंकडा किती तें सांगतो. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, व शेवटचा आंकडा रिमचा व्यास इंचांत. यावरून ह्या टायरचा पूर्ण व्यास सुमारें ७३४ मि. मी. येतो.

उंची.— त्याच रिमवर २६५/७५ चा टायर घेतल्यास व्यास सुमारें ७७९ मि. मी. होतो. वाढ ४५ मि. मी.ची दिसते, पण आंसाखालील मोकळी जागा तिच्या निम्मीच वाढते. उलट चाकाची ओढ शेंकडा सुमारें ६ नें घटते, ब्रेकांवर ताण वाढतो, आणि वेगदर्शक ६० दाखवीत असतां गाडी ताशीं जवळजवळ ६४ किलोमीटर धांवते.

रुंदी.— बैलगाडीची अरुंद लोखंडी धांव काळ्या रानांत रुतते, म्हणून रुंद टायर सर्वत्र बरा असें वाटतें. परंतु वर थोडा चिखल व खालीं मुरूम असेल तेथें अरुंद टायर चिखल कापून टणक थरावर टेकतो. नदीपात्रांतील वाळूंत मात्र रुंद टायर, तोही थोडी हवा कमी करून, उपयोगी पडतो. पक्क्या रस्त्यास लागतांच हवा पुन्हां भरावी. भर पावसांत भिजलेल्या खोल काळ्या जमिनींत टायरच्या खांचा चिकण मातीनें भरून जातात. तेथें कोणतेंही माप भरंवशाचें नाहीं. वाफसा येईपर्यंत गाडी रस्त्यावरच ठेवावी.

रिम.— बाहेरचा व्यास तोच ठेवून १५ ऐवजीं १८ इंची रिम घेतल्यास रबराची बाजू दीड इंचानें कमी होते. मग दगडावर आपटतांच टायर चिरडतो किंवा रिम वाकते. ब्रेकवरून मोकळी फिरेल इतपत लहान रिम व उंच बाजू हीच खडकाळ वाटेस योग्य होय.

भार.— हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मापापुढील भारांक १०० म्हणजे एका टायरास ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. मागील दोन टायरांचा भारांक १०० असल्यास मागील आंसावर, गाडीच्या स्वतःच्या वजनासह, १,६०० किलोंहून अधिक भार पडतां कामा नये. कांद्याचीं पोतीं लादतांना बहुतेक भार तेथेंच येतो. भारांक कमी असलेला टायर दिसावयास कितीही दणकट असला तरी भरल्या गाडीखालीं तापून फुटण्याचें भय असतें.

सारांश, गाडीच्या पुस्तिकेंत उत्पादकानें दिलेल्या मापांतूनच निवड करावी. प्रथम भारांक, नंतर रिम, मग जमिनीनुसार रुंदी, आणि उंची सर्वांत शेवटीं पाहावी. चारही टायर व पांचवा जादा टायर एकाच मापाचे असावेत. नाहींतर चारही चाकें जोडून चालवितांना आंतील दांतेचक्रांवर विनाकारण ताण पडतो.