दक्षिणा, अनुदान आणि न्यायालय

‘अनुदान’ या शब्दात ‘दान’ आहे. दान आखडते घेतले गेले, तर घेणाऱ्याने विनंती करावी, जाब विचारू नये, असा संकेत त्या शब्दाबरोबरच येतो. विद्येला मिळणाऱ्या राजाश्रयाच्या संदर्भात हा संकेत कितपत बदलला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ नंतर कंपनी सरकारने ती पूर्णतः बंद केली नाही. त्या निधीच्या आधारे १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी या निधीचा काही अंश मराठी ग्रंथनिर्मितीस मिळावा, असा अर्ज सरकारकडे केला. सनातनी मंडळींचा विरोध असूनही निधीचा ओघ मराठीकडे वळला. तथापि त्याचे साधन अर्ज हेच होते. न देण्याचे कारण सरकारला विचारण्याची सोय नव्हती.

ती सोय संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाने झाली. महाराष्ट्रात इतर विद्याशाखांच्या मान्यताप्राप्त खासगी महाविद्यालयांना अनुदान मिळे, विधी महाविद्यालयांना मात्र ते नाकारले जाई. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मनुभाई प्रगजी वशी’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये हा भेदभाव असल्याचे ठरविले. पैशाची टंचाई ही भेदभावाची सबब होऊ शकत नाही, हे त्या निर्णयाचे सार होय.

परंतु त्याचा अर्थ अनुदान हा हक्क झाला, असा नव्हे. उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की अनुदान हा धोरणाचा विषय आहे. ते काढून घेतल्यास संस्थेला हक्क म्हणून आक्षेप घेता येत नाही. समान स्थितीतील दुसऱ्या संस्थेला ते मिळत असेल, तर मात्र दाद मागता येईल.

अमेरिकेतही हाच पेच दिसतो. २०२५ मध्ये तेथील सरकारने हार्वर्ड विद्यापीठाचे दोन अब्ज डॉलरहून अधिक संशोधन-अनुदान रोखले. सप्टेंबरमध्ये बॉस्टनच्या संघीय न्यायालयाने ही कृती अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारी व बेकायदेशीर ठरविली. सरकारने त्यावर अपील केले. मात्र त्यापूर्वीच, ऑगस्टमध्ये, आरोग्य-संशोधनाच्या रद्द झालेल्या अनुदानांसंबंधी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी संशोधकांची वाट अवघड केली होती.

तात्पर्य, न्यायालय दात्याला कारण विचारते. देत राहा, असे सहसा सांगत नाही. भाषा-संशोधनाची खरी अडचण येथेच आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ ते १९६६ असे जवळजवळ अर्धशतक चालले. असे काम मध्येच थांबले, तर वर्षांनंतर लागलेला अनुकूल निकालही विखुरलेली अभ्यासकमंडळी परत आणू शकत नाही. कायदा समानतेचे रक्षण करतो; सातत्याचे रक्षण अद्याप दात्याच्या इच्छेवरच अवलंबून आहे. तेवढ्यापुरते ‘अनुदान’ हे अजून ‘दान’च राहिले आहे.