डोंगल हातात घेऊन मग कम्प्युटर ठरवा

सध्या मुरुडमध्ये माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस एकच गोष्ट विचारतो. विंडोज 10 ची मुदत 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, जुना कम्प्युटर विंडोज 11 घेत नाही, मग नवा घ्यायचा की यावरच लिनक्स टाकायचं? त्याला उत्तर एका शब्दात हवं असतं. मी मात्र आधी त्यालाच विचारतो, या कम्प्युटरला तुम्ही काय काय जोडता, आणि डिजिटल सही कुठल्या साइटवर करता? ही सवय मला एका टेंडरने लावली.

आमच्या भागातले एक कंत्राटदार. पाणंद रस्ते, नाल्या, शाळेच्या खोल्या अशी कामं घेणारे. त्यांचं मशीन व्हायरसने पार बसलं होतं. पुण्यात शिकणारा भाचा दिवाळीला आला आणि त्याने उबुंटू टाकून दिलं. पोराने काम नीटच केलं होतं. मशीन पळायला लागलं, मेल उघडत होता, बिलं निघत होती. अडलं ते टेंडर भरायच्या शेवटच्या दिवशी. सहीचं डोंगल लावलं तर कम्प्युटरला ते दिसेना. डोंगलमधलं इन्स्टॉलर विंडोजसाठीचं, आणि भाचा तिकडे परीक्षेत.

दुपारी ते माझ्याकडे आले. माझ्याकडे विंडोज होतं, डोंगल लगेच ओळखलं गेलं. पण सहीच्या पानावर जिथे सर्टिफिकेट निवडायचं तिथे नुसता रिकामा चौकोन. ती साइट सहीसाठी जावा ॲपलेट वापरायची, आणि ब्राउझर आदल्या रात्री आपोआप नवा झाला होता. नव्या आवृत्तीत ॲपलेट चालणारच नव्हतं. मग जुना ब्राउझर शोधणं आलं. तो 32 बिटचा, म्हणून जावाही 32 बिटचं. मग जावाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक्सेप्शन साइट लिस्टमध्ये पत्ता टाकणं. शेवटी पिन विचारणारी खिडकी आली तेव्हा वेळ संपली होती. ई-टेंडरला सर्व्हरचं घड्याळ लागू असतं, तिथे कुणाला विनंती करून दोन मिनिटं मिळत नाहीत. बयाणा भरलेला, कागद सगळे स्कॅन केलेले, दर काढलेले. सगळं पाण्यात.

हे का घडलं ते समजून घ्या, म्हणजे पुढचा निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल. डिजिटल सहीची गुप्त किल्ली डोंगलच्या आत असते आणि ती बाहेर काढता येत नाही. सुरक्षिततेचा सगळा भरवसा त्यावरच आहे. उलट ब्राउझर कुठल्याही साइटला परस्पर तुमच्या यूएसबीत हात घालू देत नाही, आणि तेही योग्यच आहे. या दोघांमध्ये मध्यस्थ लागतो. 1990 च्या दशकात तो मध्यस्थ म्हणजे प्लगइन. नेटस्केपने आणलेली एनपीएपीआय नावाची पद्धत बहुतेक ब्राउझरांनी घेतली. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्स आणलं, ते इंटरनेट एक्सप्लोररपुरतं.

या प्लगइनांमधूनच चोर घरात शिरायला लागले, म्हणून ब्राउझरवाल्यांनी दार लावायला घेतलं. क्रोमने एप्रिल 2015 मध्ये एनपीएपीआय आपोआप चालणं थांबवलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते काढूनच टाकलं. फायरफॉक्सने मार्च 2017 मध्ये फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइनं बंद केली. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत ती 2018 पर्यंत तगली, आणि कितीतरी सेवा केंद्रवाल्यांनी तीच आवृत्ती अपडेट बंद करून जपली. सप्टेंबर 2018 च्या जावा 11 मधून ब्राउझरचं प्लगइनच गेलं. फ्लॅश 2020 अखेर संपलं, आणि जून 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररलाही निरोप दिला. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ उखडून ब्रॉडगेज आलं तेव्हा जुने डबे धडधाकट असूनही त्या रुळावर चालणार नव्हतेच. साइटांचं तसंच झालं.

ही अडचण एकट्या आपल्याकडची नाही. दक्षिण कोरियाने 1990 च्या दशकाच्या शेवटी बँकव्यवहारासाठी स्वतःची सांकेतिक पद्धत तयार केली आणि ती ॲक्टिव्हएक्सवर बसवली. त्या वेळी ते पुढचं पाऊल होतं. पण मग पुढची कित्येक वर्षं सगळा देश विंडोज आणि इंटरनेट एक्सप्लोररला बांधला गेला. मॅक किंवा लिनक्स घेणाऱ्याला बँकेचं दार बंद. सरकारमान्य सर्टिफिकेटचा तो विशेष दर्जा शेवटी डिसेंबर 2020 मध्ये काढावा लागला. इतक्या प्रगत देशाला सुटायला वीस वर्षं लागली. आपल्याकडे साइटा बनवून घेणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी, कारण त्यांच्या एका निर्णयाची किंमत मुरुडचा माणूस शेवटच्या तारखेला मोजतो.

आता प्लगइनं गेली, पण मध्यस्थ गेला नाही. तो ब्राउझरमधून निघून कम्प्युटरमध्ये येऊन बसला. जीएसटीसाठी डिजिटल सही करायची तर एमसायनर नावाचा वेगळा प्रोग्रॅम चालू ठेवावा लागतो. थंब मशीनवर आधारची पडताळणी करायची तर त्या मशीनचा आरडी सर्व्हिस नावाचा प्रोग्रॅम मागे चालू लागतो. म्हणून क्रोम की फायरफॉक्स हा प्रश्न मागे पडलाय. कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, हा पुढे आलाय. अंगठ्याचं मशीन विकत घेताना कंपनीच्या पानावर आरडी सर्व्हिस कशाकशासाठी दिली आहे ते वाचा. लिनक्सचं नाव नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, ते चालेल असं धरू नका.

तेव्हा सेवा केंद्र चालवणारे, टेंडर भरणारे, जीएसटीची कामं करणारे, यांना मी सरळ विंडोजच सांगतो. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. जुना सेकंडहँड घेताना एवढं तरी तपासा. लग्नपत्रिका छापणाऱ्यालाही विंडोजच, कारण त्याची वर्षानुवर्षांची कामं श्रीलिपी, पेजमेकर आणि कोरलमध्ये अडकलेली आहेत. घरात अभ्यास करणारी मुलं, मराठी टायपिंग शिकणारे, पत्रव्यवहार करणारे यांनी मात्र लिनक्सला घाबरू नये. इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आयताच मिळतो, लिब्रेऑफिस फुकट आहे, आणि केरळच्या सरकारी शाळांतली मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकताहेत. चालू मशीन भंगारात घालून कर्ज काढायचं कारण नाही.

लिनक्स टाकण्याआधी ते पेन ड्राइव्हवरून सुरू करून बघा. त्यात हार्ड डिस्कला हात लागत नाही. प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, सगळं लावा. ईपास 2003 सारखी काही डोंगलं ओपनएससी या मोफत सॉफ्टवेअरने ओळखली जातात. पण डोंगल ओळखलं म्हणजे सही झाली असं समजू नका. साइटवर लॉगिन करून सहीच्या पानापर्यंत जाऊन या, आणि तेही मुदतीच्या आठ दिवस आधी.

डोंगलच्या सॉफ्टवेअरमध्ये इनिशियलाइज नावाचं बटण असतं. डोंगल चालेना म्हणून घाईने कुणी ते दाबलं तर आतलं सर्टिफिकेट किल्लीसकट पुसलं जातं, आणि पैसे भरून, ओळख पटवून नवं घ्यावं लागतं. कम्प्युटर फॉरमॅट केल्याने मात्र सही जात नाही, ड्रायव्हर तेवढा परत टाकायचा. चुकीचा पिन वारंवार टाकला तर डोंगल लॉक होतं, म्हणून दुसऱ्याच्या हाती ते देताना पिन अंदाजाने टाकू देऊ नका.

एखाद्या जुन्या साइटसाठी जुनं जावा आणि जुना ब्राउझर ठेवावाच लागला तर ते मशीन वेगळं ठेवा. एकच मशीन असेल तर व्हर्च्युअलबॉक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरं विंडोज बसवा, डोंगल त्याला आतून जोडता येतं. त्या जुन्या ब्राउझरमध्ये बँक उघडायची नाही, मेल नाही, कुणाचं आधार डाउनलोड करायचं नाही. विंडोज 10 वर अजून काम चालू असलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट ठेवले आहेत. त्यासाठी नोंदणी स्वतः करावी लागते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तिचा पर्याय दिसतो.