अमेरिकेच्या विद्यापीठास अर्ज

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीनंतर नववीच्या वर्गात इतिहासाचा पाठ चालू असता एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, बाबासाहेब अमेरिकेस शिकावयास गेले, ते बडोद्याच्या महाराजांनी पाठविले म्हणून. आता महाराज राहिले नाहीत. मग आमच्यासारख्याने जायचे ते कसे?" तास संपत आला होता. मी काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मनास लागून राहिला. त्या मुलाचे वडील भरवेलीच्या मँगेनीज खाणीत कामास आहेत. मुलगा गणितात हुशार आहे, आणि हुशार मुलाच्या प्रश्नास चुकवाचुकवीचे उत्तर देणे हे शिक्षकास शोभत नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे जरा उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम बाबासाहेबांचीच हकीकत नीट पाहू. कारण ती आपण ऐकतो तेवढी सोपी नाही. आपल्याच राज्यातील महू येथे १८९१ साली जन्मलेले भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले आणि लगेच, १९१३ च्या फेब्रुवारीत, त्यांचे वडील वारले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात बडोदा संस्थानाशी त्यांचा करार झाला. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळावयाचे, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा तो करार होता. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढे त्यांनी लिहिलेला डॉक्टरेटचा प्रबंध विद्यापीठास पसंत पडला. परंतु प्रबंध छापून त्याच्या प्रती सादर केल्यावाचून पदवी द्यावयाची नाही, असा त्या काळी तेथील नियम होता. प्रबंध छापून निघाला १९२५ साली आणि पदवी हाती पडली १९२७ साली. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतील. शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हे, तिला अटी असतात. आणि नियमाचे एक कलमसुद्धा माणसाची वर्षे खाते.

महाराज राहिले नाहीत हे खरे. परंतु महाराजांशिवाय गेलेलेही आपल्यात होऊन गेले आहेत, आणि त्यांतील एक तर अवघी अठरा वर्षांची मुलगी होती.

आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यांनी अर्ज कसा केला हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांचे पती गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीस होते. १८७८ साली त्यांनी अमेरिकन मिशनऱ्यांस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. उत्तरात धर्मांतराची सूचना आली व तो मार्ग तेथेच खुंटला. पण तो पत्रव्यवहार एका अमेरिकन मासिकात छापला गेला होता. न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तो अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी आपण होऊन आनंदीबाईंस पत्र धाडले, आणि कधी न भेटलेल्या या दोन स्त्रियांचा स्नेह पत्रांतून वाढत गेला. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या व जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या.

त्याच महिन्यात रोझेलहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास प्रवेशासाठी पत्र लिहिले. आजच्या भाषेत ज्यास अर्जाचा निबंध म्हणतात, तो हाच. या पत्रात काय आहे ते पाहा. प्रवेशाच्या सर्व अटी आपल्याकडून पुऱ्या होतील की नाही याची शंका त्या स्वतःच बोलून दाखवितात. आपले वय व आजवर झालेला अभ्यास जसा आहे तसा सांगतात. मग म्हणतात की, आप्तांचा व जातीचा एकवटलेला विरोध सोसून ज्या निश्चयाने मी येथवर आले, तोच निश्चय पुढील कामीही उपयोगी पडेल. आणि शेवटी कारण देतात: माझ्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला हे शिकावयाचे आहे. स्वतःची थोरवी नाही, हिंदुस्थानच्या प्राचीन वैभवाचे स्तोत्र नाही. महाविद्यालयाने त्यांस प्रवेश दिला. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला, हे सांगताना आजही शब्द जड होतात. परंतु त्यांचे ते पत्र अर्ज कसा लिहावा याचा उत्तम पाठ आहे, असे माझे मत आहे.

ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचेही स्मरण येथे करावेसे वाटते. ते तर आपल्या जुन्या मध्यप्रांताचेच, रायपूरला १८८४ साली जन्मलेले, अमरावतीस शिकलेले. १९०६ साली ते अमेरिकेस कॉर्नेल विद्यापीठात गेले व १९११ साली डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. हिंदुस्थानातील जातिसंस्थेवरील त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग तेथे विद्यार्थी असतानाच, १९०९ मध्ये, प्रसिद्ध झाला. आपल्या घरची, आपल्या गावची गोष्ट हाच अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी त्या वयात ओळखले होते.

आता आजची रीत.

आपल्याकडे प्रवेश म्हणजे एका परीक्षेचे गुण व एक यादी. यादीत नाव आले की प्रवेश झाला. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन इत्यादी विद्यापीठांत बारावीनंतरच्या चार वर्षांच्या पदवीसाठी ही पद्धत नाही. तेथे एक समिती प्रत्येक अर्जदाराचे कागद वाचते. त्यात नववीपासून बारावीपर्यंतच्या गुणपत्रिका असतात. शिक्षकांची बहुधा दोन शिफारसपत्रे असतात. शाळेने स्वतःविषयी लिहिलेले टिपण असते. आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेला निबंध असतो. पुष्कळ विद्यापीठे मिळून एकच सामाईक अर्ज घेतात आणि त्यातील मुख्य निबंधास ६५० शब्दांची मर्यादा असते. मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्या संस्था, जिला सारे एमआयटी म्हणतात, ती मात्र आपला अर्ज निराळा ठेवते. यांखेरीज सॅट नावाची इंग्रजी व गणित यांची परीक्षा आहे. करोनाच्या साथीत ती पुष्कळांनी ऐच्छिक केली होती. एमआयटीने २०२२ मध्ये व हार्वर्डने २०२५ च्या प्रवेशापासून ती पुन्हा आवश्यक केली. ज्यांचे शिक्षण इंग्रजीतून झालेले नाही त्यांस बहुधा इंग्रजी भाषेचीही परीक्षा द्यावी लागते. आपण मराठी माध्यमाचे, तेव्हा ही आपल्यास चुकत नाही असेच धरून चालावे. अर्जाची मुदत साधारणतः १ जानेवारी, निकाल मार्चच्या अखेरीस, आणि विद्यार्थ्याने आपला होकार कळवावयाचा तो १ मेपर्यंत. नोव्हेंबरमध्येही एक लवकरची मुदत असते. पण तिच्या एका प्रकारात 'निवड झाल्यास येईनच' असे वचन लिहून द्यावे लागते. पैशाचा हिशेब कळल्यावाचून असे वचन कोणी देऊ नये.

पैशाचाच प्रश्न मोठा, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो. या विद्यापीठांतील एका वर्षाचा सर्व खर्च ८० हजार डॉलरांच्या वर जातो, म्हणजे आपले सुमारे ७० लाख रुपये. आकडा ऐकताच पालक हात जोडतात, व ते साहजिक आहे. परंतु हा आकडा छापील किंमत होय. सर्वांस ती द्यावी लागत नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन यांसारख्या मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची निवड करताना त्याच्या कुटुंबाची ऐपत विचारात घेत नाहीत, आणि निवड झाल्यावर ऐपतीस जेवढे कमी पडेल तेवढे स्वतः भरून देतात. ते कर्ज नव्हे. भूमिहीन शेतमजुराच्या मुलीसही तेथे नाममात्र खर्चात शिकता येते. अट एवढीच की घरच्या मिळकतीचा हिशेब कागदोपत्री, खरा, मुदतीत सादर झाला पाहिजे. इतर बहुतेक विद्यापीठांत मात्र मदत मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची निवड अधिक कठीण होते. एकच बाब दोन ठिकाणी अशी उलटसुलट असल्यामुळे नाव ऐकून अर्ज करू नये; त्या संस्थेचा नियम वाचून करावा.

किरकोळ वाटणारा खर्चही आहे. प्रत्येक अर्जास ७५ ते ९० डॉलर आणि सॅटला १०० डॉलरांच्या आसपास. ऐपत नसल्यास अर्जाची फी माफ करून मिळते, मात्र ती मागावी लागते. आपली मुले मागण्यास लाजतात.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांकडून मोठ्या शहरातील एका खाजगी सल्लागाराने 'प्रवेशाची खात्री' म्हणून मोठी रक्कम घेतली. त्यासाठी धानाचे एक शेत गहाण पडले. अर्जात जो निबंध गेला तो दुसऱ्याच कोणी लिहिलेला होता. त्यात त्या मुलाने कधी न पाहिलेल्या समुद्राचे वर्णन होते! निवड अर्थातच झाली नाही. अशी खात्री कोणासही देता येत नाही. हार्वर्डमध्ये शंभर अर्जांमागे चारांच्या आसपासच निवडले जातात. जो खात्री देतो, त्याच्या दारात पाऊल ठेवू नये.

मग आपल्या बालाघाटच्या मुलाने निबंधात लिहावे तरी काय? दोन वर्षांपूर्वी लालबर्रा तहसिलीतील आमच्या एका विद्यार्थिनीने पहिला मसुदा मला दाखविला. त्यात आरंभी भारताची थोरवी, मध्ये थोर पुरुषांची वचने व शेवटी 'मी जगाची सेवा करीन' असे होते. भाषा शुद्ध होती, परंतु त्यात ती मुलगी कोठे दिसेना. मी तिला विचारले, "शाळेव्यतिरिक्त तू रोज काय करतेस?" ती म्हणाली, "काही विशेष नाही, सर. विहिरीतले पाणी मोजते." चौकशी करता कळले की, सातवीपासून ती दोराला गाठी मारून घरच्या विहिरीची पातळी दर आठवड्यास मोजीत होती व एका जुन्या वहीत टिपून ठेवीत होती. शेजारच्या शेतात नवीन बोअर झाल्यावर पातळी किती उतरली, हेही तीत होते. आजोबांनी सांगितले म्हणून मोजावयास लागली, आणि पुढे तिचे तिलाच कुतूहल वाटू लागले. "हे लिहू, सर? पण ह्यात मोठे काय आहे?" असे तिने विचारले. मी तिला आनंदीबाईंच्या त्या पत्राविषयी सांगितले.

तशीच गोष्ट भाषांची. आनंदीबाईंस अनेक भाषा येत. आपली मुले घरी पोवारी बोलतात, शाळेत मराठी शिकतात, बाजारात हिंदीने व्यवहार करतात, आणि बैहरकडची असतील तर गोंडीही त्यांच्या कानावर असते. अर्जात 'येणाऱ्या भाषा' या रकान्यात मात्र ती मराठी, हिंदी, इंग्रजी एवढेच भरतात. पोवारी लिहिण्याची त्यांस लाज वाटते. ही लाज त्यांच्यात आली कोठून, याचा विचार आम्ही शिक्षकांनी केला पाहिजे.

आम्हा शिक्षकांचा दुसरा दोष शिफारसपत्रांत दिसतो. 'सदर विद्यार्थी सुशील, आज्ञाधारक व नियमित असून त्यास आमच्या शुभेच्छा आहेत,' या एका वाक्यावर आम्ही शेकडो मुलांची बोळवण केली आहे. त्यात मीही आहे. समितीस असे पत्र निरुपयोगी असते. त्या मुलाने कोणता प्रश्न विचारला, कोणते गणित निराळ्या रीतीने सोडविले, कोठे चुकला आणि चूक कशी दुरुस्त केली, हे त्यांस हवे असते. इंग्रजी लिहिण्याची सवय नसेल तर पत्र मराठीत किंवा हिंदीत लिहून त्याचे भाषांतर जोडता येते. शाळेचे टिपणही मनापासून लिहावे: मंडळ कोणते, वर्गात किती मुले, प्रयोगशाळा आहे की नाही. ज्या शाळेत जे शिकावयास मिळते त्याच्या मानाने मुलाने काय केले, हे तेथे पाहतात. नसलेली प्रयोगशाळा लपविण्याचे काही कारण नाही.

कागदपत्रांत एक अडचण आपल्याकडे हमखास येते. जन्मदाखल्यावर नाव एक, गुणपत्रिकेवर त्याचे हिंदी वळण, आधारपत्रावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. पारपत्र काढण्यापूर्वी हे सर्व एकसारखे करून घ्यावे. दहावीचा परीक्षा-अर्ज भरतानाच दक्षता घेतल्यास पुढचे हेलपाटे वाचतात. निवड झाल्यावर विद्यापीठ एक पत्रक पाठविते, त्याच्या आधारे विद्यार्थ्याचा व्हिसा मागावा लागतो आणि मुलाखतीस बहुधा मुंबईस जावे लागते. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये.

ज्यांस बारावीनंतर इतक्या दूर जाणे शक्य नाही, त्यांनी येथे पदवी घेऊन मग जावे. बाबासाहेब व केतकर हे दोघेही पदवीनंतरच गेले. त्या टप्प्यावर भारतातूनही साहाय्य मिळू शकते. जमशेटजी टाटांनी १८९२ साली स्थापिलेला निधी उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो, आणि अनुसूचित जाती वगैरे समाजांतील विद्यार्थ्यांसाठी परदेशातील एम. ए., एम. एस्सी. व डॉक्टरेट यांकरिता भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे.

विहिरीची नोंद ठेवणाऱ्या त्या मुलीचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. तिने चार ठिकाणी अर्ज केले. तीन ठिकाणी नकार आला; चौथ्या ठिकाणी प्रतीक्षायादीत नाव राहिले व तेथेच राहिले. ती आता नागपुरास भूशास्त्र शिकत आहे, सुटीत येते तेव्हा पातळी मोजते, आणि पदवीनंतर पुन्हा अर्ज करणार आहे. तिने आपला निबंध, त्याचे पाचही मसुदे आणि मुदतींचे कोष्टक शाळेस दिले आहे. ते ग्रंथालयातील माझ्या कपाटात आहे. खाणीवरून येणाऱ्या त्या विद्यार्थ्याने, व ज्या कोणास इच्छा असेल त्याने, शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. येताना नववीची गुणपत्रिका, जन्मदाखला व आधारपत्र बरोबर आणावे. नावांचा मेळ आधी तपासू.