शेजारचा देश आणि तुलनेचा मापदंड : धर्मानंद कोसंबी यांच्या 'निवेदना'च्या निमित्ताने

१

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचे अध्यापन करताना आपण सामान्यतः स्थलवर्णन, व्यक्तिदर्शन, विनोद, भाषाशैली अशा घटकांच्या आधारे विवेचन करतो. लेखकाने परदेशाची मायदेशाशी केलेली तुलना हा त्यांपैकी एक घटक, एवढेच स्थान तिला मिळते. 'लेखक जागोजागी मायदेशाची आठवण ठेवतो' असा शेरा मारून आपण पुढे जातो. प्रस्तुत लेखाची भूमिका याहून वेगळी आहे. तुलना हा प्रवासलेखनाचा अलंकार नसून त्याचा कणा आहे. प्रवासी जे पाहतो ते तुलनेतूनच पाहतो. आणि जे त्याच्या तुलनेत बसत नाही ते बहुधा त्याला दिसतच नाही.

तुलनेला दोन वस्तू लागतात हे उघड आहे. परंतु तिसरी गोष्टही तितकीच आवश्यक असते, ती म्हणजे मापदंड. 'तेथील रस्ते स्वच्छ आहेत' या साध्या विधानामागेही स्वच्छता हे देशाच्या मोठेपणाचे माप आहे असा अनुच्चारित निर्णय असतो. प्रवासवर्णनाचा अभ्यास म्हणजे पुष्कळ अंशी या अनुच्चारित मापदंडाचा शोध होय.

२

मराठी प्रवासवर्णनाची मुख्य वाट पश्चिमेकडे गेली आहे. पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९), अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) ही नावे या संदर्भात सहज आठवतात. पूर्वेकडे पाहणारे 'पूर्वरंग' (१९६३) त्यानंतरचे. अगदी लगतचे देश, म्हणजे नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश, हे मराठी प्रवासलेखनात त्या मानाने कमी आले आहेत.

हा भेद केवळ भूगोलाचा नाही. दूरच्या देशात वेगळेपण पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरते. त्यामुळे प्रवासी सावध असतो. शेजारच्या देशात प्रथम साम्य डोळ्यांत भरते. देव ओळखीचे, शब्द ओळखीचे, भात ओळखीचा. 'हे आपल्यासारखेच आहे' या भावनेने प्रवासी तेथे पाऊल टाकतो आणि ही भावनाच त्याला चकवते. दूरच्या देशाच्या बाबतीत अज्ञान ही अडचण असते. शेजारच्या देशाच्या बाबतीत गृहीत धरलेली ओळख ही अडचण असते. शेजारदेशाच्या प्रवासाचे वाचन करताना हा फरक लक्षात ठेवला पाहिजे.

या दृष्टीने धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' (१९२४) हे पुस्तक फार महत्त्वाचे आहे. ते आत्मचरित्र म्हणून वर्गीकृत झाल्यामुळे प्रवासवर्णनाच्या चर्चेत त्याचा विचार फारसा होत नाही. वस्तुतः त्यात नेपाळ, सिलोन आणि ब्रह्मदेश असे तीन शेजारदेश येतात, आणि तुलनेची तीन वेगवेगळी रूपे त्यांच्या आधारे अभ्यासता येतात.

३

मायदेशाशी तुलना म्हणताच 'मायदेश कोणता?' हा प्रश्न विचारला पाहिजे. कोसंबींच्या बाबतीत त्याचे उत्तर सरळ नाही.

कोसंबींचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. म्हणजे साखवाळहून पुण्याला जाणे हेच राजकीय अर्थाने परराज्यात जाणे होते. घरची बोली कोंकणी, वाचनाची भाषा मराठी. विनायक कोंडदेव ओक यांच्या 'बालबोध' या मासिकात बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले ते १८९७ च्या सुमारास. सरहद्द ओलांडून आलेल्या मुलांसाठीच्या एका मराठी मासिकाने या तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलली. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा त्यांचा मार्ग होता. पुण्यात डॉ. रा. गो. भांडारकरांचे मार्गदर्शन मिळाले. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले.

यापुढील प्रवासाचा राजकीय नकाशा मोठा उद्‌बोधक आहे. नेपाळ राणांच्या सत्तेखालील स्वतंत्र राज्य होते. सिलोन ही इंग्रजांची, परंतु हिंदुस्थान सरकारपासून वेगळी वसाहत होती. ब्रह्मदेश मात्र १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तेव्हा कलकत्त्याहून रंगूनला जाणारा प्रवासी कायद्याच्या दृष्टीने देशाबाहेर जात नव्हता, आणि गोव्याहून पुण्याला येणारा मात्र देशाबाहेर येत होता. 'शेजारी देश' आणि 'मायदेश' या संज्ञा आपण आजच्या नकाशावरून लावतो. त्या काळच्या लेखनाला त्या तशाच लावता येत नाहीत. कोसंबींचे घर गोव्यात, भाषा महाराष्ट्रात आणि शोधाचा विषय मगधात होता. त्यांच्या तुलनेतील 'इकडचे' हे पद असे तिपेडी आहे.

४

नेपाळचा प्रवास १९०२ च्या आरंभीचा. उत्तर हिंदुस्थानातील यात्रेकरूंना महाशिवरात्रीच्या सुमारास पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी नेपाळच्या खोऱ्यात प्रवेश मिळे. एरवी परक्याला तेथे जाणे सोपे नव्हते. बुद्धाचा जन्म ज्या भूमीशी जोडला गेला आहे तेथे त्याचा धर्म जिवंत असेल, ही कोसंबींची अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांची घोर निराशा झाली. तेथील बौद्ध धर्माची अवस्था त्यांना अवनत वाटली आणि ते परत फिरले.

येथे लेखकाच्या मताशी थांबून चालणार नाही. त्याचा मापदंड तपासला पाहिजे. कोसंबींच्या मनात ब्रह्मचारी भिक्षूंचा संघ, मूळ वचनांचे अध्ययन आणि कर्मकांडाचा अभाव, असे बौद्ध धर्माचे चित्र होते. काठमांडूच्या खोऱ्यातील नेवार बौद्ध परंपरेत वज्राचार्य आणि शाक्य हे गृहस्थाश्रमी पुरोहित असतात. विधी आणि जातिव्यवस्था हे त्या परंपरेचे अंग आहे. कोसंबींच्या मापाने मोजल्यास ती उणी ठरणारच.

पण याच परंपरेने दुसरे एक मोठे काम केले होते. भारतात नष्ट झालेले संस्कृत बौद्ध वाङ्मय नेपाळच्या पोथ्यांतून टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकात ब्रायन हॉजसन यांनी काठमांडूत मिळवलेली हस्तलिखिते कलकत्ता, लंडन आणि पॅरिस येथे पोहोचली. राजेंद्रलाल मित्र यांनी त्यांवरील आपला ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे ज्या विहारांकडे पाहून प्रवासी खिन्न झाला, त्याच प्रकारच्या विहारांनी मायदेशाची हरवलेली ठेव सांभाळली होती. आपल्या जवळचे जे दुसऱ्याकडे शोधायला जावे ते आपण कल्पिलेल्या रूपातच सापडावे, अशी अपेक्षा धरल्याने हे घडते. तुलनेची ही पहिली अवस्था : ओळखीचे गृहीत आणि अपेक्षाभंग.

५

नेपाळहून परतल्यावर बोधगया आणि कलकत्ता या मार्गाने कोसंबी सिलोनला गेले. कोलंबो येथील विद्योदय परिवेणाचे प्रमुख हिक्कडुवे सुमंगल महास्थविर हे त्या काळचे विख्यात पाली पंडित. हे विद्यालय १८७३ मध्ये त्यांनीच स्थापन केले होते. तेथे कोसंबींनी पालीचे अध्ययन केले आणि १९०२ मध्येच प्रव्रज्या घेतली.

येथे तुलनेचे स्वरूप पालटते. नेपाळात प्रवासी परीक्षक होता. सिलोनमध्ये तो विद्यार्थी आहे. परीक्षक मापदंड बरोबर घेऊन जातो. विद्यार्थ्याला तो तेथे तयार करावा लागतो. या विद्यार्थ्याला लागणारी पहिली गोष्ट म्हणजे लिपी. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहली लिपीत, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयाममध्ये सयामी लिपीत लिहिली जाते. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १८८१ पासून रोमन लिपीतील आवृत्त्या काढल्या. मगधाच्या परिसरातील बोलींशी नाते सांगणारी ही भाषा. पण तिचे संपूर्ण त्रिपिटक मराठी वाचकाच्या परिचयाच्या नागरी लिपीत उपलब्ध नव्हते. आपल्याच देशातील वचने वाचण्यासाठी परदेशी अक्षरे गिरवावी लागणे, ही 'इकडे' आणि 'तिकडे' यांची सर्वांत बोलकी तुलना आहे. तीत कोणाची निंदा वा स्तुती नाही; केवळ वस्तुस्थिती आहे.

मात्र सिलोनलाही निर्दोष आदर्श मानून चालणार नाही. तेथील भिक्षुसंघाची परंपरा मध्ये खंडित झाली होती आणि १७५३ मध्ये सयामहून भिक्षू आणवून ती पुन्हा सुरू करावी लागली. या सयाम निकायात उपसंपदा गोविगम या उच्च मानलेल्या जातीपुरती मर्यादित झाली. तेव्हा इतर जातींतील लोकांनी ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेतली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमरपुर निकाय उदयास आला. जातिभेद हा आमच्याच देशाचा विशेष, शेजारी त्यापासून मुक्त, हे समीकरण अशा वेळी टिकत नाही. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट दिसते : सिलोननेही आपले गमावलेले शेजाऱ्याकडूनच परत मिळवले होते. कोसंबींचा प्रवास हा या जुन्या देवघेवीतील एक दुवा ठरतो.

६

ब्रह्मदेशात कोसंबींनी भिक्षू म्हणून वास्तव्य केले. पाली ग्रंथांचा अभ्यास तेथे ब्रह्मी लिपीतून पुढे चालला आणि सगाईंगच्या डोंगरात त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. तिसरी अवस्था ही : प्रवासी आता परीक्षक नाही आणि केवळ विद्यार्थीही नाही, तो तेथल्या जीवनक्रमाचा भाग झाला आहे. भिक्षापात्र घेऊन दारात उभे राहणाऱ्याला त्या समाजाची ओळख यजमान-पाहुणा या नात्याने होत नाही.

मराठी वाचकाला ब्रह्मदेश म्हटले की मंडालेचा तुरुंग आठवतो. लोकमान्य टिळक तेथे १९०८ ते १९१४ या काळात होते आणि 'गीतारहस्य' तेथेच लिहिले गेले. अवघ्या काही वर्षांच्या अंतराने एकाच प्रदेशात दोन मराठी विद्वान राहिले. एकाला तो देश भिंतींआडून मिळाला, दुसऱ्याला विहारांतून. 'त्या देशाचे खरे दर्शन कोणाला झाले?' हा प्रश्न निरर्थक आहे. प्रवासी कोणत्या दाराने आत गेला, हे ठाऊक असल्याखेरीज त्याच्या दर्शनाचे मोल ठरवता येत नाही, एवढेच यातून सिद्ध होते.

७

परतल्यावर मायदेशाशी केलेली तुलना शब्दांत थांबते की कृतीत उतरते, ही शेजारदेशाच्या प्रवासाची अखेरची कसोटी मानता येईल. १९०६ मध्ये कोसंबी कलकत्त्यास परतले आणि तेथे पालीचे अध्यापन करू लागले. महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे या अटीवर सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्ता विद्यापीठातील अधिक वेतनाची जागा सोडून त्यांनी ते स्वीकारले. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान तेथे तयार झाले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्गा'चे त्यांनी केलेले संपादन १९४० मध्ये मुंबईत नागरी लिपीत प्रसिद्ध झाले. संपूर्ण पाली त्रिपिटक नागरीत यावयास मात्र नालंदा येथील १९५६ नंतरच्या प्रकाशनाची वाट पाहावी लागली. 'त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही' या तुलनेला त्यांनी दिलेले उत्तर तक्रारीचे नव्हते. ते अक्षरांतराचे आणि अध्यापनाचे होते.

या जमाखर्चाची दुसरी बाजूही अभ्यासकाने पाहिली पाहिजे. घर सोडले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी गोव्यात राहिल्या. ताटातूट सुमारे सात वर्षांची होती. मायदेशात काय कमी आहे याचा शोध घेणाऱ्या प्रवाशाच्या माघारी मायदेशातील एका घरात काय कमी पडले, याची नोंद करण्यास कोणतेही प्रवासवर्णन अपुरे ठरते. बाळाबाईंनी लिहिलेले 'निवेदन' आपल्याजवळ नाही. हा आक्षेप कोसंबींच्या कार्याचे महत्त्व कमी करण्यासाठी नोंदवलेला नाही. तुलनेच्या पारड्यात काय घातले जात नाही, याचे भान यावे म्हणून नोंदवला आहे.

८

वरील विवेचनावरून प्रवासवर्णनाच्या अध्यापनासाठी चार प्रश्न सुचवता येतात. लेखक 'आपला देश' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नेमके कोणते घर असते? त्याचा मापदंड त्याने बरोबर नेलेला आहे की तेथे घडवलेला आहे? तो कोणत्या दाराने त्या देशात शिरला? आणि परतल्यावर त्याच्या तुलनेने मायदेशात काय बदलले? हे प्रश्न 'अपूर्वाई'ला विचारता येतील, रमाबाईंच्या पुस्तकाला विचारता येतील आणि यापुढे लिहिल्या जाणाऱ्या प्रवासवर्णनांनाही विचारता येतील.

शेजारचा देश हा आरसा आहे, असे म्हणण्याची पद्धत आहे. कोसंबींच्या प्रवासावरून हे विधान थोडे सुधारून घ्यावे लागते. आरशात पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. नेपाळात त्यांनी आरसा शोधला आणि ते निराश झाले. सिलोन व ब्रह्मदेशाला त्यांनी शाळा मानले, आणि तेथून ते घरी काही घेऊन येऊ शकले.