आजचं वाचन : यिर्मया, अध्याय २९

मित्रांनो, आजचा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. इ.स.पूर्व ५९७ मध्ये नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेममधून राजा, सरदार, कारागीर, लोहार उचलून बाबेलला नेले. मंदिर तिकडे राहिलं, मग या परक्या मातीत प्रार्थना पोचणार कशी? दोन वर्षांत घरी जाल, असं सांगणारे संदेष्टेही होते. (गोड बोलणाऱ्यांना कधी तोटा नसतो!) यिर्मयाने मात्र कळवलं की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. शत्रूच्या शहरासाठी! मला इथे दर वेळी थांबावं लागतं.

सुमारे दहा वर्षांनी मंदिरही जळालं. तरी विश्वास टिकला. तो आता शास्त्रवचनांत, शब्बाथात आणि यरुशलेमकडे तोंड करून केलेल्या प्रार्थनेत होता. दानीएलाची उघडी खिडकी आठवते ना?

पुढे अशाच विखुरलेल्या यहुद्यांच्या सभास्थानांत पौल आधी जायचा आणि तिथे ख्रिस्ताबद्दल बोलायचा. मदिनेतही यहुदी होते. तिथे सुरुवातीला मुसलमान यरुशलेमकडे तोंड करूनच नमाज पढत. ६२४ च्या सुमारास ती दिशा मक्केकडे वळली.

इ.स.पूर्व ५३८ मध्ये कोरेश राजाने परतायची मोकळीक दिली, तेव्हा बरेच यहुदी गेलेच नाहीत. बाबेलमध्ये त्यांची घरं झाली होती, नातवंडं खेळत होती.

आज झोपण्याआधी वचन ४ ते ७ पुन्हा वाचा. आणि ज्या शहरात भाड्याने राहता, त्याचं नाव प्रार्थनेत घ्या.