रस्त्यावरच्या मुलांची पेढी

'पुनर्वसन' हा शब्द आपण फार सहज वापरतो. धरणग्रस्तांचे पुनर्वसन, भूकंपग्रस्तांचे पुनर्वसन, तसेच रस्त्यावरच्या मुलांचेही. परंतु स्थानकावरून उचलून बालगृहात नेलेला मुलगा पळून पुन्हा त्याच फलाटावर येतो, असा अनुभव या क्षेत्रातले कार्यकर्ते सांगतात. असे का व्हावे? वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला एक कारण दिसते. दुकानदार माल भरण्यापूर्वी गिऱ्हाइकाची गरज पाहतो. या मुलांसाठी योजना आखताना मात्र त्यांना बहुधा कोणी काही विचारलेले नसते.

विचारले तर काय घडते, याचे एक उदाहरण मुंबईचे आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांना रात्रनिवाऱ्यातली मुले अडीअडचणीला अवेळी घरी फोन करीत. त्यातून १९९६ साली 'चाइल्डलाइन' सुरू झाली. १०९८ हा क्रमांक 'दस-नौ-आठ' असा उलटा मोजला की निरक्षर मुलाच्याही तोंडी बसतो. मदतीला धावणाऱ्या पथकांत रस्त्यावर वाढलेले तरुणही होते. मूल कोणत्या पुलाखाली सापडेल, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नसे. २०२३ साली ही सेवा सरकारी यंत्रणेकडे गेली. क्रमांक तोच राहिला.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते, कारण ते पैशाचे आहे. माझे गाव जैनाबाद, तापीच्या अलीकडे, पलीकडे बऱ्हाणपूर. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत स्थानकावर रिकाम्या बाटल्या वेचणाऱ्या दोन-तीन मुलांना मी विचारले, "कमाई ठेवता कुठे?" एकाने विजारीच्या आत शिवलेला कप्पा दाखवला. दुसरा म्हणाला, "चहावाल्या चाचांकडे." चाचा ठेव सांभाळतात, पण परत देताना काही कापून घेतात, किती, ते त्याला ठाऊक नव्हते. तिसरा रोजच्या रोज खर्चून टाकतो, कारण झोपेत मोठी मुले काढून घेतात. आपण याला उधळेपणा म्हणतो! वस्तुतः तो हिशेबीपणाच होय.

दिल्लीच्या 'बटरफ्लाइज' या संस्थेने २००१ साली नेमक्या याच अडचणीवर 'बाल विकास खजाना' काढला. ही मुलांची पेढी. व्यवस्थापक मुलांनी आपल्यातूनच निवडायचा, ठेवी त्यानेच घ्यायच्या, पासबुक त्यानेच भरायचे. काही धंदा करू पाहणाऱ्या मोठ्या मुलांना कर्जही मिळे, व त्याचा निर्णय मुलांची समिती करी. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरील मुलांना स्वतः खाते चालवण्याची मुभा देण्यास बँकांना सांगितले खरे. पण ज्याला पत्ताच नाही त्याने पत्त्याचा पुरावा आणावा कोठून?

कर्नाटकातही १९९० साली 'भीमा संघ' हा कामकरी मुलांचा स्वतःचा संघ उभा राहिला. त्याविषयी आमच्या कन्नड विभागातील मित्रांनी अवश्य लिहावे.

कायद्यालाही हा विचार मान्य आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सहा किंवा अधिक मुले असलेल्या प्रत्येक संस्थेत मुलांची समिती असावी लागते. मात्र पाहुण्यांना हार घालण्यापुरती समिती असेल तर ती नसलेलीच बरी.

कोणी म्हणेल, नऊ वर्षांच्या मुलाला विचारले तर तो शाळा नको म्हणेल; मग काय करावे? त्याचे म्हणणे जसेच्या तसे मानावे असे मी म्हणत नाही. व्यसन, मारहाण अशा प्रसंगी मोठ्यांनीच निर्णय घ्यावा लागतो. पण 'का नको?' एवढे विचारावे. बाटलीवाल्या मुलाने मला सांगितले, सकाळच्या गाड्या हीच त्याची कमाई. म्हणजे त्याचे भांडण शाळेशी नसून शाळेच्या घंटेशी आहे.

बऱ्हाणपुरात अशी पेढी काढता येईल का, हेही मी त्यांना विचारले. व्याजाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. "रात्री उघडी राहील का?" एवढेच विचारले. भंगारवाला पैसे रात्री देतो.