गल्लीचं मांजर गेल्यावर

भुरी कोणा एकाची नव्हती. वाशिमच्या जुन्या वस्तीत घरांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत. माळवदावरून टिनावर आणि टिनावरून दुसऱ्याच्या परसात, असा तिचा दिवस जायचा. सकाळी आमच्याकडे साय, दुपारी समोरच्या चाचींकडे मटणाचा तुकडा आणि रात्री कोपऱ्यावरच्या आजींच्या बाजेवर, पायाशी झोप. आम्ही तिला भुरी म्हणायचो, चाची बिल्लो म्हणायच्या, आजींची ती मनी. पाच-सहा पावसाळे तिने असेच काढले आणि मागच्या सोयाबीनच्या हंगामात ती गेली. ती जशी गेली, तशी गल्लीगल्लीतली मांजरं जातात. मागे राहणाऱ्यांना त्याचं दुःख धड करताही येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे खरिपाचं मुख्य पीक सोयाबीन. भाव चढेल या आशेवर पोती पडवीत थप्पी लावून ठेवतात. पोत्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे औषध. कृषी केंद्रात मिळणारं हे औषध साधारण दोन तऱ्हांचं असतं. काळपट पूड असते ती झिंक फॉस्फाईडची. पोटात गेल्यावर तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि काही तासांत जीव जातो. त्यावर उतारा नाही. वडी किंवा केक मिळतो तो बहुधा ब्रोमॅडिओलोनचा. त्याने रक्त गोठायचं थांबतं, पण लगेच काही दिसत नाही. उंदीर दोन-चार दिवस हिंडतो, सुस्तावतो आणि मांजराला आयताच सापडतो. मांजराच्या अंगात ते विष उतरलं तरी तेही पुढचे काही दिवस धडधाकट दिसतं. भुरीचं तसंच झालं असावं, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

आजींनी पाहिलं, मनी बाजेवर उडी मारत नाही. चाचींच्या लक्षात आलं, बिल्लोने तुकडा नुसता हुंगला. आमच्याकडे साय वाटीत तशीच राहिली. मागच्या घरच्या मुलाला तिच्या नाकाला रक्त दिसलं, त्याला वाटलं बोक्याशी भांडली असेल. आमच्याकडे नाही खाल्लं म्हणजे दुसरीकडे खाऊन आली, असं प्रत्येक घर धरून चाललं. या चार खुणा पहिल्यांदा एकत्र आल्या, तेव्हा आम्ही सगळे नालीच्या कडेला तिच्याभोवती उभे होतो. मांजराची जात मुळात दुखणं लपवणारी. त्यात ते सात-आठ घरांत वाटलेलं असलं, की त्याचं दुखणंही वाटलं जातं आणि पूर्ण कोणालाच दिसत नाही.

ब्रोमॅडिओलोनवर उतारा आहे, म्हणून ही हळहळ जास्त. वेळेत कळलं तर पशुवैद्य व्हिटॅमिन के-१ देतात. ते काही आठवडे चालू ठेवावं लागतं, पण त्याने जनावर वाचू शकतं. तेव्हा तुमच्या गल्लीत असं मांजर असेल, तर कोणत्या तरी एका घराने त्याचा हिशेब ठेवावा. ‘आज खाल्लं का’ एवढं शेजारी विचारलं तरी पुरे. दिवसभर खाल्लं नाही, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, धाप लागली, नाकातून किंवा लघवीतून रक्त आलं, तर उद्यावर टाकू नका. टॉवेल टाकून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. तिथे गाई-म्हशींची गर्दी असते, मांजर नेताना संकोच वाटतो, तरी न्या. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक फोनमध्ये असू द्या. दुखणं मोठं असेल तर अकोल्याला पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आहे. औषधाचं वेष्टन सापडलं तर सोबत घ्या, कारण कोणतं विष हे कळल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही.

घरगुती उपाय मात्र नकोत. ओकारी व्हावी म्हणून मीठपाणी पाजू नका. माणसाची तापाची गोळी तर मुळीच देऊ नका. पॅरासिटामोलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. कळवळलेलं मांजर ओळखीच्या हातालाही चावतं. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या.

औषध ठेवणाऱ्याशी भांडून काही होत नाही. पोत्यांतला माल त्याच्याही घामाचा असतो. भुरीनंतर आमच्याकडे एवढं ठरलं, की औषध ठेवण्याआधी गल्लीत सांगायचं, मेलेले उंदीर रोज उचलून पुरायचे आणि जमेल तिथे पिंजरा लावायचा. थप्पी भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचली तर उंदरांना दडायला जागाही कमी मिळते. जाणूनबुजून विष घालणाऱ्याची गोष्ट वेगळी. जनावराला मारणं किंवा विष देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता त्या दुःखाबद्दल. माणूस गेलं की काय करायचं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. शेजारी येऊन बसतात, त्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी पाठवतात, दहावं-तेरावं होतं. पाळलेला बैल गेला तरी लोक धन्याला भेटायला जातात. गल्लीचं मांजर गेलं तर कोणाच्या दारी जायचं? आजी दोन दिवस जेवल्या नाहीत. मुली सासरी, मुलगा पुण्याला. रात्री घरात दुसरा जीव होता तो तिचाच. आणि त्यांना ऐकायला काय मिळालं? “एका मांजरीसाठी येवढं काय रडाचं वं आजी? दुसरी येईन नं!” बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं, पण त्यानंतर आजी कोणासमोर रडल्या नाहीत. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा शोकावर पुस्तक लिहिलं. ज्या दुःखाला समाज दुःखच मानत नाही, ते माणसाला एकट्याने, चोरून वाहावं लागतं आणि म्हणून जास्त जड जातं, असं त्याचं म्हणणं. आजींकडे पाहून मला ते पटलं.

त्यांच्याकडे जेवण घेऊन गेल्या त्या चाची. डबा ठेवला आणि बाजेवर बसून बिल्लोच्या खोड्या सांगू लागल्या. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण ती कसं सरकवायची, पिल्लं एकदा कशी कपाटातल्या नव्या साडीवर घातली. आजी हसल्या, मग मोकळ्या रडल्या. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणाल्या, मारायला एवढं प्रायश्चित्त सांगतात, मग मेल्यावर रडू का नये?

लहान मुलांना खरं सांगा. ‘ती दुसऱ्या गावाला गेली’ असं सांगितलं तर मूल वाटी भरून वाट पाहत बसतं. ‘झोपली’ म्हटलं तर स्वतः झोपायला भितं. ‘भुरी मेली, आता परत येणार नाही, आपल्याला तिची आठवण येईल’ हे शब्द कठीण आहेत, पण मुलांना ते पेलतात. मग ती प्रश्न विचारतात, तेच तेच विचारतात. दर वेळी उत्तर द्या.

मांजराला उकिरड्यावर किंवा नालीत टाकू नका. विषाने मेलेलं जनावर कुत्र्यांनी, कावळ्यांनी खाल्लं तर तेही मरतात. हातमोजे घालून, विहिरीपासून लांब, कुत्र्यांना उकरता येणार नाही असा निदान अडीच-तीन फूट खोल खड्डा घेऊन पुरा. खाऊ घालणाऱ्या सगळ्या घरांना आधी कळवा. ज्यांना शेवटचं पाहायचं आहे त्यांना पाहू द्या, मुलांनाही. आणि दुसऱ्याच दिवशी कोणाच्या तरी ओटीत नवं पिल्लू आणून घालू नका. आजींना तसं पिल्लू आणून दिलं होतं, त्यांनी ते हातात घेतलं नाही. काही महिन्यांनी एक काळं पिल्लू आपणहून त्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसलं, ते राहिलं. त्याला लस टोचून आणली आहे, नसबंदीही करणार आहोत. त्याचं नाव या वेळी गल्लीने एकच ठेवलं आहे.

तुमच्या गल्लीतल्या मांजराला रोज कोण खाऊ घालतं, हे तुम्हाला माहीत असतं. ते मांजर गेल्याचं कळलं, तर त्या घरी जा आणि थोडा वेळ बसा.